पासिलोआ बेटावरची नावं

मुलांनो, सुलावेसी बेटावर भूकंपानंतर पाण्याच्या रांगेत तुम्ही उभे आहात, असं समजा. मोबाइल बंद पडलेत. शेजारी हारुनाकाका हातातला वायरलेस कानाला लावून वहीत नावं लिहितायत आणि दहा वर्षांची तेन्री आवाज दूरवर पोचवणाऱ्या उपग्रहाच्या दिशेने अँटेना धरून आहे.

"हात हलवू नकोस पोरी. पासिलोआ बेटावरून बोलतायत."

"बाबांचं नाव आलं?"

"आलं. ला पाबो, होडीवाला. सतरावं नाव."

"म्हणजे सापडले?"

"थांब... गेला आवाज. उपग्रह डोंगराआड उतरला."

"काका, ही जिवंत माणसांची यादी आहे ना?"

"विचारलंच नाही गं. उपग्रह जेमतेम दहा मिनिटं मिळतो, म्हणून आम्ही जास्तीचं काही बोलत नाही. तिथल्या रेडिओवाल्याने नावं सांगितली, मी लिहिली."

"तीस वर्षं रेडिओवर बोलताय ना? एवढंच विचारायचं राहिलं?"

"राहिलं खरं."

"मग आता विचारा."

"आता उपग्रह शंभर मिनिटांनी येईल."

"कुठून?"

"पश्चिमेकडून, त्या पडलेल्या शाळेवरून. तोवर अँटेना खाली ठेव, हात भरून येतील."

तेन्री शाळेकडे तोंड करून वळली आणि दोन्ही हातांनी अँटेना उचलून उभी राहिली.