ओठांत धरलेले खिळे

(श्रीगोंद्याजवळच्या गावात राहीबाईच्या माहेरची ओसरी. १९७२, दिवाळी तोंडावर.)

सहादेव : ...तर पुण्याचे डॉक्टर म्हणाले, मूल न होण्याचा दोष बायकोत नाही, तुमच्यात आहे. अंगात शिसं मुरलंय.

रंगनाथ : शिसं? जावईबापू, आमच्या आज्याच्या मांडीत शिशाची गोळी हुती. हिरीत उतरला की थेट तळाला. तरी त्याला अकरा पोरं झाली.

राहीबाई : आबा, त्यांना बोलू द्या.

सहादेव : छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवताना दोन-चार ओठांत धरायची सवय. शिशाचेच ते. त्याच हातांनी भाकरी. त्यानं... पुरुषाचं बीज जळतं म्हणे.

राहीबाई : हात धुवा म्हनलं, तर तुमच्या आई म्हनायच्या, वांझेनं शिकवू न्हाई.

सहादेव : आठवतंय.

रंगनाथ : मग औषिद काय?

सहादेव : ते काम सोडायचं. रोज आवळा, पेरू खायचा. त्यातलं सत्त्व आतलं जळणं थोडं थोपवतं, उरलंसुरलं वाचवतं. गेलेलं परत येईल का, ते मात्र सांगत नाहीत.

रंगनाथ : यंदा कुठला आवळा? झाडाची सावलीबी वाळली. मागल्या साली एकेक आवळा दोघांनी उचलायचा.

राहीबाई : मला कशापायी सांगायला आला?

सहादेव : माफी मागायला. वांझ म्हणून तुला घालवली, दुसरी बायको गोजर आणली.

राहीबाई : गोजरबाईला सांगितलं?

सहादेव : नाही. आई तिला दिवाळीला माहेरी पाठवतेय. परत न आणायलाच. तिसरं स्थळ बघतेय.

राहीबाई : आन् आईला?

सहादेव : धीर होत नाही. म्हटलं, आधी इथं मन हलकं करावं. तू माफ केलंस तर...

रंगनाथ : बापू, मी जलमभर थापा मारल्या. हिला घालवली तवा गावाला सांगितलं, पोरीबिगर करमंना म्हनून मीच आनली. तेवढी एक थाप कुनाला पटली न्हाई.

सहादेव : मामा...

रंगनाथ : असू द्या. भाकरी खाऊन जावा.

राहीबाई : नका बसू. पाचची यष्टी गाठा, घरी जाऊन दोघींसमोर बोला. आज एकादस हाय. पोर व्हावं म्हनून तुमच्या आई दर एकादशीला मला पान्यावाचून ठेवायच्या, गोजरबाईलाबी ठेवलं असंल.