स्पेअरला बायोलॉजी

(मस्कतच्या वादी कबीर भागातला फ्लॅट, शुक्रवार दुपार. सादिक काल रात्री दूरच्या दुक्महून, कामावरच्या कॅम्पातून आलाय. आत्ता नमाज पढून घरात शिरतोय, हातात गाडीत राहिलेले हलव्याचे डबे आणि एक पिशवी.)

गुलबानू : जेवणाचं मागून बघू. आधी सांगा, एवढा हलवा कशाचा?

सादिक : अर्बाबने, आमच्या मालकाने दिलान. मबरूक मबरूक, अभिनंदन म्हणाला, मिठीच मारलीन मला.

अल्फिया : कशासाठी, पप्पा?

सादिक : आपली अल्फिया डॉक्टर होणार म्हणून.

गुलबानू : या अल्ला! अकरावीचे विषय अजून भरायचेत आणि हे हलवा घेऊन आले.

सादिक : भरायचेत म्हणजे? मी फोनवर सांगितलं होतं ना? फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स, बायोलॉजी. खलास. ही 'हो' म्हणाली.

अल्फिया : मी काहीच म्हणाले नाही. तुमचं नेटवर्क गेलं होतं.

सादिक : मग मी नेटवर्कशीच बोलत होतो की काय अर्धा तास?

अल्फिया : पप्पा, मला बायोलॉजी नकोय. मला त्याच्या जागी इकॉनॉमिक्स हवंय. पुढे कॉलेजमध्ये स्टॅटिस्टिक्स करायचंय. शाळेच्या फॉर्मची लिंक आज असरच्या नमाजाला बंद होणार.

सादिक : अगो, मॅथ्स नको असं मी कुठं म्हणतोय? खुशाल इंजिनिअर हो. पण बायोलॉजी स्पेअरला ठेव. माझं आयुष्य स्टोअर सांभाळण्यात गेलं. एक व्हॉल्व्ह लागणार असला तर मी दोन मागवतो. दुक्मला साधा वायसर कमी पडला तरी मस्कतहून येईपर्यंत काम ठप्प. उद्या इंडियात एका ठिकाणी ॲडमिशन नाही मिळाली तर दुसरं काहीतरी हाताशी पाहिजे की नको?

अल्फिया : तुमचा स्पेअर शेल्फवर पडून राहतो. त्याला दर आठवड्याला टेस्ट नसते. मला असते.

गुलबानू : आणि तुमचा व्हॉल्व्ह उशीत तोंड खुपसून रडत नाही. परवा मी सुरमई साफ करत होते. कल्ले काढले मात्र, हिला चक्कर! भिंतीला टेकवून पाणी पाजलं. ही डॉक्टर झाली तर पेशंटलाच उठून हिला धरायला लागेल.

सादिक : सवय होते.

गुलबानू : सोळा वर्षं माझ्या घरात मासे खातेय. कधी होणार सवय?

सादिक : पण सगळ्यांचं मत तेच पडलं ना!

गुलबानू : सगळ्यांचं म्हणजे कुणाचं?

सादिक : म्हणजे... आमच्या मेसमध्ये. कॅम्पातले लोक. हात वर केले.

अल्फिया : माझ्या सब्जेक्ट्सवर व्होटिंग झालं?

सादिक : अगदी रीतसर झालं. इंजिनिअरलाही पडली मतं, नाही असं नाही. वेल्डर लोकांनी दिली. पण डॉक्टर निवडून आला.

अल्फिया : मला व्होट नव्हतं?

सादिक : तू मेसमध्ये होतीस कुठं?

गुलबानू : आणि मी?

सादिक : तुझं मी दिलं.

गुलबानू : कुणाला?

सादिक : डॉक्टरला. अगो, अशी बघू नको. एका मताने काही फरक पडला नसता.

अल्फिया : या पिशवीत काय आहे? फोटो?

सादिक : ठेव ते. ठेव गो! आमच्या कॅम्पातल्या तानाजीच्या कमरेचा एक्स-रे आहे. क्रेनवर बसून बसून धरलीय त्याची. म्हणाला, सहज दाखवा पोरीला.

गुलबानू : अकरावीतल्या पोरीला?

सादिक : मी सांगितलं त्याला, अजून वेळ आहे. तर म्हणाला, घाई नाही, जमेल तेवढं सांगू दे.

अल्फिया : अम्मी, तू हसू नको ना! पप्पा, तुम्ही पण नको. मला भीती वाटतेय. दोन वर्षं मला हे शिकायचंय, त्याच्यावर कॉलेज मिळणार. तानाजी काकांना विचारलं, वेल्डर अंकलना विचारलं, अर्बाबला सांगितलं. मला विचारलंच नाही. एकदा पण नाही.

गुलबानू : आता बोला.

सादिक : काय बोलू? खरं आहे तिचं. पण अल्फिया, तू एकदा तिथं येऊन बघ. रात्री जेवणं झाली की बाहेर नुसता वारा, आत पत्र्याची खोली. मग सगळे आपापल्या पोरांचं काढतात. तानाजीचा अजिंक्य कबड्डीत गाजतोय. नबीलची सुरैया चालायला लागली, नबीलने अजून बघितलीसुद्धा नाही, पण चालून दाखवतो आम्हाला, अशी पडते, अशी उठते. फिरत फिरत माझी पाळी येते. मी काय सांगू? मला तुझं माहीत असतं काय? घरी येतो तेव्हा तू क्लासला, नाहीतर झोपलेली. एक दिवस म्हटलं, पोर डॉक्टर होणार. तर सगळे गप्प बसून ऐकायला लागले. बरं वाटलं मला. मग रोज थोडं थोडं वाढवत गेलो.

गुलबानू : वाढवत वाढवत हलव्यापर्यंत नेलंत.

सादिक : हो.

अल्फिया : मग आता अर्बाबला काय सांगणार? आणि तानाजी काकांना?

सादिक : तानाजीला सांगेन, हाडाच्या डॉक्टरकडे जा मेल्या. अर्बाबचा हलवा परत देऊ. डबे नीट बांधून दे गो.

गुलबानू : एक मी मघाशीच फोडला. चांगला आहे.

सादिक : खलास! मग आता परत कसला द्यायचा? अल्फिया, मोबाईल घे, दाब ते. इकॉनॉमिक्स दाब. माझं मन फिरायच्या आत यल्ला, लवकर.

अल्फिया : नक्की? मग बदलता नाही येणार.

सादिक : दाब म्हणतो ना!

अल्फिया : दाबलं.

सादिक : गेली बायोलॉजी?

गुलबानू : गेली. चला, हात धुवा. भात निवतोय.

सादिक : थांब जरा. अल्फिया, इकडे बस. ते मॅथ्स तुला एवढं आवडतं, ते कशासाठी गो?

अल्फिया : आत्ता सांगू? पप्पा, मला मराठीत नीट नाही सांगता येणार. इंग्लिशमध्ये सांगते ना.

सादिक : मराठीतच सांग. अडलीस तर अड, पण हळूहळू सांग. रविवारी मेसमध्ये माझी पाळी आली की मला हे सगळं सांगायचंय.