आधी तोंडाकडे बघतो

मशीनची सुई घुसलेलं बोट धरून शिवणकामवाली दवाखान्याच्या बाकावर बसली होती. तिला खेटून एक सून, मांडीवर आठ महिन्यांचं बाळ, आणि पलीकडे सासू.

“कालपासून अंगावर प्यायलाच नाही, आई.”

“दात येताना चावतातच गं. तुझा नवरा तर लचके तोडायचा.”

“पण तुम्ही माझ्यासारख्या किंचाळला नसाल. केवढा दचकला तो! आता जवळ घेतलं की आधी माझ्या तोंडाकडे बघतो आणि रडायला लागतो.”

“घे परत.”

“इथं?”

“इथंच. मी आडोसा धरते.”

“आणि पुन्हा चावला तर?”

“तर जीव गेला तरी आवाज काढायचा नाही.”

“बघतोय माझ्याकडे.”

“मग हस.”

“हसतेय.”

“घेतलं का तोंडात?”

“घेतलं…”

एकाएकी सुनेची पाचही बोटं शिवणकामवालीच्या मनगटात रुतली.

“चावला?”

“हळू बोला, आई.” सुनेच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं होतं, पण तोंड हसरंच होतं. “सोडलं नाही. पितोय.”

तेवढ्यात आतून शिवणकामवालीचा नंबर पुकारला.

“दुसऱ्या कुणाला तरी सोडा,” मनगट जराही न हलवता ती हळूच म्हणाली.