व्हरांड्यापर्यंत आलेला किनारा

कचेरीच्या रांगेत शिंपी उभा होता. त्याच्या पुढे समुद्राकाठच्या बंगल्याचे मालक आणि मालकांच्या पुढे रोज सकाळी पोहायला जाणाऱ्या मावशी. शिंप्याने कान टवकारले.

“मावशी, तुमचीच तक्रार करायला आलोय. रोज माझ्या अंगणातून जाता.”

“आणि मी तुमच्या कुंपणाची. अंगण कसलं, वाळू आहे ती.”

“असेल, पण माझी. भरतीचं पाणी पोचतं तिथवर किनारा सगळ्यांचा. त्याच्या वर पाऊल टाकायचं नाही. नियमच आहे तसा.”

“बरं. हातात फोटो कसले?”

“नुकसानभरपाई मागायचीय. दर मोठ्या भरतीला पाणी थेट व्हरांड्यात शिरतं.”

“थेट व्हरांड्यात?”

“अहो, झोपाळ्याखाली मासे सापडले. खोटं वाटत असेल तर बघा.”

“खोटं कशाला वाटेल? मग उद्यापासून पोहून झालं की आम्ही बायका तुमच्या झोपाळ्यावरच केस वाळवू. नियमच आहे तसा.”

मालकांनी हातातले फोटो उलटे धरले.

“तसं... एवढं काही आत येत नाही पाणी.”

“असं कसं? साहेबांना मासे दाखवा की. मी आहे ना साक्षीला.”

मालकांनी फोटो खिशात कोंबले आणि ते रांगेतून बाहेर पडले. शिंपी एक पाऊल पुढे सरकला.

“मावशी, झोपाळा केवढा आहे हो? तुम्हा बायकांसाठी गादी शिवतो.”