न्हावी चावला होता का?

डॉक्टर : काका, पुन्हा विचारते. लहानपणी तुम्हाला न्हावी चावला होता का?

ओनोफ्रे : आमचा आदेलिनो न्हावी चावत नाही हो. कधीमधी कानाला कात्री लावतो, पण दात नाही लावला कधी.

झुल्मिरा : घ्या! गोयासच्या मातीत उभा जन्म गेला आणि ह्यांना न्हावी किडा ठाऊक नाही. भिंतीच्या फटीत राहतो, रात्री तोंडावर येऊन रक्त पितो, तो! शेंबड्या पोरालाही माहीत आहे.

ओनोफ्रे : तू गप गं. डॉक्टरीणबाई मला विचारतायत.

झुल्मिरा : तुम्हाला विचारून काय मिळतंय? बायको आहे मी, किती वर्षं विचारतेय, घास का अडतो? तर म्हणे, भात कोरडा झालाय. डॉक्टर, मी रश्शात पोहणारा भात करायला लागले, तरी ह्यांना कोरडाच! टेबलाखाली बसून आमचा कुत्रा असा फुगलाय की दारातून आत येईना. आणि हे बघा, भोकं पाडून पाडून कमरेचा पट्टा संपला.

डॉक्टर : प्रत्येक घास पाण्याने ढकलावा लागतो का, काका?

ओनोफ्रे : जेवताना पाणी पिणं गुन्हा आहे?

झुल्मिरा : छे छे, गुन्हा कसला! घासागणिक घोट. गेल्या रविवारी लेक-जावई जेवायला आले, तर हे ताटावरून उठून परसात. म्हणे कोंबड्या बघून येतो. मी खिडकीतून पाहिलं, तर दोन्ही हात वर करून उड्या मारतायत! कोंबड्याच ह्यांना बघत होत्या.

ओनोफ्रे : व्यायाम करत होतो.

झुल्मिरा : तर! सगळे पैलवान जेवणाच्या मध्येच व्यायाम करतात.

ओनोफ्रे : डॉक्टर, हिचं सोडा. आमची लेक एलियेने शिकलेली आहे, तिने फोनवर सगळं वाचलंय. मला मल्टिपल स्क्लेरोसिस झालाय.

डॉक्टर : असं? काय असतं त्यात?

ओनोफ्रे : शरीराची राखणदार फौजच उलटते आणि आपल्याच नसांवरचं वेष्टण कुरतडते. मग हाताला मुंग्या, पाय जड, डोळ्यांना धूसर. कधी गिळायलाही त्रास होतो. आणि मुख्य म्हणजे, नक्की कशामुळे ते अजून कुणालाच ठाऊक नाही! ना कुणाचा दोष, ना कुणाच्या घराचा.

झुल्मिरा : कसं पाठ केलंय बघा! लग्नातलं वचन अडखळत म्हणाले होते. अहो, लेकीने सोमवारी हा आजार काढला आणि मंगळवारी आतड्याचा कुठलासा दुर्मीळ, ज्याचं नाव घेताना तोंडाला फेस येतो. ह्यांनी त्यातला भारीतला निवडला.

डॉक्टर : तो आजार बहुतेक वेळा तरुणपणी सुरू होतो, काका, आणि थंड देशांत जास्त. तुम्हाला धूसर दिसतं का?

ओनोफ्रे : धूसर नाही... पण मुंग्या येतात की. परवाच आल्या.

झुल्मिरा : हात अंगाखाली घेऊन झोपलात तर काय गुदगुल्या होणार?

डॉक्टर : बरं, शौचाला साफ होतं?

झुल्मिरा : सणासारखं. आठवडाभर वाट बघायची, मग एकदा साजरा.

ओनोफ्रे : झुल्मिरा!

झुल्मिरा : काय झुल्मिरा? सण काय लपवायचा असतो?

डॉक्टर : काका, ऐका. न्हावी किड्याच्या विष्ठेत एक जंतू असतो. चावलेली जागा खाजवली की तो रक्तात शिरतो. त्याला शागासचा आजार म्हणतात. वर्षानुवर्षं काही कळत नाही. मग कुणाचं हृदय धरतो, कुणाच्या अन्ननलिकेतल्या आणि आतड्यातल्या नसा मारतो. अन्ननलिकेचं खालचं दार उघडेनासं होतं आणि घास वरच अडकतो. म्हणून विचारते. तुम्ही कुडाच्या घरात वाढलात का?

ओनोफ्रे : मी गवंडी आहे, बाई. अर्ध्या गावाच्या भिंती माझ्या हातच्या. तुमच्या पाठीमागची ही भिंतसुद्धा. मी विटांच्या घरात वाढलो.

डॉक्टर : मग रक्त तपासू. खरं-खोटं कळेल.

ओनोफ्रे : काही गरज नाही. चल गं, ऊठ.

झुल्मिरा : बसा खाली! मला मागणी घालायला आलात तेव्हाही हेच सांगितलंत. विटांचं घर, पांढराशुभ्र चुना. मी लग्नाआधी एकटीच जाऊन आले होते तुमच्या गावी. चीज घ्यायला आले म्हणून सांगितलं तुमच्या आईला. भिंतीत हात घातला असता तर पलीकडे निघाला असता. आणि तुमचे बाबा दारात बसून घासागणिक पाणी पीत होते, घास उतरावा म्हणून हात वर करत होते. मला तेव्हा हसू आलं होतं हो. देव क्षमा करो.

ओनोफ्रे : तेव्हापासून माहीत होतं? मग लग्न कशाला केलंस?

झुल्मिरा : मला काय विटांशी संसार करायचा होता?

ओनोफ्रे : बाबा कसे गेले ते नाही पाहिलंस तू. शेवटी पाणीसुद्धा उतरत नव्हतं. रक्तात ते निघालं, तर तेच मरण माझ्या नावावर. मला भीती वाटते गं.

डॉक्टर : त्यांच्या वेळी उपाय पोचला नव्हता. आता ते दार आतून फुग्याने रुंद करता येतं, नाहीतर शस्त्रक्रिया असते. नसा परत येत नाहीत, पण घास उतरतो.

ओनोफ्रे : हिचा कोंबडी-भात?

डॉक्टर : चावून, हळूहळू. पण हो.

ओनोफ्रे : ...आई रोज झोपताना दिवा घेऊन भिंती बघायची. एकदा सकाळी उठलो तर माझा डोळा सुजून टोमॅटो. आई म्हणाली, न्हावी फुकटात दाढी करून गेला वाटतं.

डॉक्टर : बाही वर घ्या, काका.

झुल्मिरा : (स्वतःचा हात टेबलावर ठेवत) आधी माझं घ्या.

ओनोफ्रे : तुझं कशाला? तुझ्या बाबांचं घर तर विटांचं होतं.

झुल्मिरा : रस्त्याकडची भिंत तेवढी विटांची होती. बाकीच्या तीन कुडाच्याच. तुम्ही अंगणात बसून माझ्याकडे बघत होतात, गवंडीबुवा. भिंतींकडे कुठे बघितलंत?