पहाटे फिका दिसलेला मासा

प्रांजल: नाही म्हणजे नाही, आण्णा. औंधला धुळाकाकांच्या मेंढरांत जायचा विषय आता बंद. तुमचा लेक सूरज मुंबईहून फोनवर हात जोडतोय. ऐकायचं की सुनेचं, लेकाचं! आणि ही बरणी कसली? यात टाकीतला निऑन मासा काय करतोय?

नानासो: येगळा काढलाय. तीन दिस झालं.

प्रांजल: तीन दिवस! मला कसा दिसला नाही?

नानासो: टीव्हीच्या मागं ठेवली हुती बरनी. तू साळंला जातीस, आली की पोरांच्या वह्या तपासत बसतीस. म्हटलं, कशाला तुझ्या डोस्क्याला ताप. आजारी हाय त्यो.

प्रांजल: कशावरून?

नानासो: रंग गेलाय न्हवं. निळी रेघ न्हाई, तांबडी न्हाई. कळपात एक जनावर दुखनाईत झालं की त्ये आदी भाईर काढायचं, न्हाईतर समदा कळप जातोय. साठ वरसं मेंढरं राखली. एवढं तर कळतंय मला.

प्रांजल: खातो का काही?

नानासो: पयल्या दिशी जरा खाल्लं. आता तोंड लावत न्हाई. तळाला बसतोय. मी हितं खुर्ची घिऊन बसलो की उगं शेपूट हालिवतोय.

प्रांजल: रंग गेलेला तुम्ही बघितला कधी?

नानासो: पहाटं. चारला. बॅटरी मारून.

प्रांजल: चारला उठून मासे बघता तुम्ही?

नानासो: मग काय करू? जाग येती. जाग आली की मोजायचं, ही जल्माची सवं. तांड्यावर मेंढरं मोजायचो, हितं ह्ये मोजतो. बारा हुतं. ह्यो समद्यात फिका.

प्रांजल: आणि बाकीचे अकरा? ते कसे होते?

नानासो: आता इच्यारतीस तर… त्येबी फिकंच हुतं जरा. म्हनून तर भ्यालो. म्हटलं, रोग पसराय लागला.

प्रांजल: अरे देवा. आण्णा, हे मासे अंधारात फिकेच पडतात. सगळेच्या सगळे. सकाळी मी टाकीचा दिवा लावला की थोड्या वेळानं रंग परत येतो. दुकानदारानं सांगितलं होतं मला. तुम्हाला सांगायचं राहून गेलं, चूक माझी.

नानासो: म्हंजी ह्यो आजारी न्हवता?

प्रांजल: नव्हता.

नानासो: आन् आता?

प्रांजल: आता आहे. हा घोळक्यानं राहणारा मासा. एकटा पडला की घाबरतो, खाणं सोडतो.

नानासो: आरारा. धडधाकट जनावर मी कळपातनं उचललं गं. दुखन्यापरीस विलाज वंगाळ झाला. तुझी सासू धोंडू असती तर म्हनली असती, आवं, उजाडूस्तवर थांबायचं हुतं की.

प्रांजल: डोळे पुसा. सोडू त्याला परत. थांबा, एकदम ओतू नका! बरणी अशी टाकीत तरंगत धरा. मी वाटीनं टाकीतलं पाणी थोडं थोडं बरणीत घालते. पाण्याची सवय होऊ दे त्याला.

नानासो: ह्ये घेतील का त्येला?

प्रांजल: मेंढरं घेतात?

नानासो: आदी हुंगत्यात. मग घेत्यात.

प्रांजल: हात अवघडला असेल तुमचा. मी धरू?

नानासो: नगं. मीच काढला, मीच सोडतो. पोरी, एक बोलू? राग मानू नगंस. तू लय चांगली हायस. ताटात गरम भाकरी येती, गोळ्या येळंवर देतीस. पर तू साळंला गेलीस की ह्या घरात मला लय एकटं वाटतंय. ह्या माशांसंगं बोलतो मी. धुळाला इच्यारून मेंढरांची नावं घेतो फोनवर.

प्रांजल: आई गेल्यावर तुम्ही दहा दिवस धड जेवला नव्हता, आण्णा. कुणाशी बोलत नव्हता. आम्ही घाबरलो. सूरजला वाटलं, तिथंच ठेवलं तर हेही जातील. म्हणून तर तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मेंढरं धुळाकाकांच्या हवाली केली आणि तुम्हाला साताऱ्याला आणलं.

नानासो: चांगल्यासाठीच आनलं की तुमी.

प्रांजल: ह्याला तुम्ही चांगल्यासाठीच काढला होता.

नानासो: आता सोडू का ह्येला?

प्रांजल: आता तिरकी करा बरणी. हळू.

(मासा बरणीतून टाकीत उतरतो आणि कोपऱ्यात थांबतो.)

नानासो: हालंना गं.

प्रांजल: थांबू जरा.

नानासो: त्ये बग, दोगं आलं त्याच्याकडं. हुंगाय लागलं. आता तिसरा. चालला, चालला त्यो बी! मागं मागं ऱ्हातोय, पर चाललाय.

प्रांजल: रंग दिसतोय?

नानासो: अजून न्हाई.

प्रांजल: जगेल का, सांगता येत नाही, आण्णा. दोन दिवसांचा उपाशी आहे.

नानासो: जगला तर कळपात जगंल. आन् न्हाई जगला, तरी कळपातच ऱ्हाईल.

प्रांजल: मेंढरं औंधहून कधी उठणार?

नानासो: परवा. खतासाठी एका मालकाच्या रानात बसवल्यात. त्येचं रान झालं की धुळा फुडं निगंल.

प्रांजल: उद्या रविवार आहे. सकाळी गाडीनं मी तुम्हाला सोडते. सूरजचं मी बघून घेते. गोळ्यांचा डबा बरोबर द्यायचाय, आणि रोज संध्याकाळी फोन करायचा. नाही आला तर मी स्वतः रानात येऊन उभी राहीन, सांगून ठेवते.

नानासो: खरंच सोडतीस?

प्रांजल: घोंगडं कुठं ठेवलंय तुमचं?

नानासो: कपाटाच्या वर. धोंडूनंच बांधून ठेवलेलं, तसंच हाय… पर पोरी, हितलं कोन मोजंल?

प्रांजल: मी मोजेन. पहाटे चारचा गजर लावते.

नानासो: नगं. उजाडल्यावर मोज.