आजाऱ्याचं खाणं

आज चहात पाव बुडवताय गड्यांनो, पण सत्तरच्या सुमाराला आमच्या उंब्रजला पाव म्हणजे आजाऱ्याचं खाणं! पलटणीत स्वयंपाकी असलेल्या सदातात्यानं पेन्शनीत आल्यावर मळ्यातच भट्टी घातली, तर गिऱ्हाईक फिरकंना. हातात पाव दिसला की लोक विचारायचे, "घरात कोण पडलंय?"

तात्या लय जिद्दीचा. त्यानं तालमीतल्या पैलवानाला रोज चावडीसमोर बसवलं आणि घरच्या म्हशीच्या दुधात डझनभर पाव खायला घातले. त्याला कोण विचारणार, आजारी हायस का? महिन्याभरात भट्टीपुढं रांग लागली.

पुढं एकदा तात्यालाच ताप भरला. मी दूध-पाव घेऊन गेलो, तर अंथरुणातनं ओरडला, "तो पाव झाक आधी! आजाऱ्याच्या उशाला पाव दिसला तर पुन्हा धंदा बसंल. मला भाकरी आण!"